मागील पानावरून पुढे



गेले दोन शनिवार इथे काही लिहिलं नाही, कारण लाज वाटत होती. आज लिहितोय, कारण आता लाजेपेक्षा राग जास्त आहे. राग कोणावर? आपल्याच जमातीवर. म्हणजे मी, तुम्ही, आणि 'रनिंग टोटल' हा शब्द ऐकला की खांदे उडवून "हॅ, त्यात काय, चार ओळींचा लूप!" म्हणणारे आपले सगळे मित्र.

माझ्या बाबतीत तर चार ओळीही नव्हत्या. एकच होती. त्या एका ओळीनं आमच्या सोसायटीच्या खजिनदार काकांना भर सभेत चोर ठरवलं.

आधी ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी: रनिंग टोटल म्हणजे चालती बेरीज. बँकेच्या पासबुकात अगदी उजवीकडचा शिल्लकेचा रकाना असतो ना, तीच. प्रत्येक ओळीपाशी 'इथपर्यंत किती' याचं उत्तर. बस्स, एवढंच.

तर झालं असं की...

आमची सोसायटी कोपरीत, ठाणे पूर्वेला, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर. जुनी चार मजली इमारत, लिफ्ट नाही, चोवीस बिऱ्हाडं. बहुतेक जण मेंटेनन्स आता फोनवरून भरतात, पण पाच-सहा घरांतल्या आजी-आजोबांचा अजून नोटांवरच विश्वास आहे. त्या रोखीची एक पत्र्याची पेटी, आणि पेटीचा हिशेब खजिनदार काकांच्या वहीत. काका एका कंपनीतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झाले, वय एकाहत्तर. लाल पुठ्ठ्याची लांबडी वही, तिला ते 'कीर्द' म्हणतात. जमा, खर्च, आणि प्रत्येक ओळीपुढे शिल्लक. पान भरलं की तळाला 'पुढील पानावर', आणि नव्या पानाच्या डोक्यावर 'मागील पानावरून पुढे'.

मला ते बघून हसू यायचं. कोण करतं हो आजकाल हे? एका रविवारी मी फुशारकीनं म्हणालो, "काका, हे सगळं मी कॉम्प्युटरवर करून देतो. एका दुपारचं काम आहे."

"कर की बाळा," काका म्हणाले. "मला तरी आता कुठे नीट दिसतंय."

काम खरंच एका दुपारचं होतं. मेंटेनन्सच्या पावत्या एका शीटवर टाइप केल्या, इतर जमा दुसऱ्या शीटवर, खर्चाची व्हाउचरं तिसऱ्या. तिन्ही याद्या एकाखाली एक जोडल्या, तारखेनुसार लावल्या आणि पायथनच्या 'इटरटूल्स'मधलं 'ॲक्युम्युलेट' चालवलं. यादी द्या, चालती बेरीज घ्या. शेवटची शिल्लक काकांच्या वहीशी ताडून पाहिली. पै न पै जुळली. मी स्वतःच्या पाठीवर शाबासकी दिली आणि पीडीएफ काढून सेक्रेटरींना पाठवून दिली.

सप्टेंबरात वार्षिक सभा. प्रत्येकाच्या हातात माझ्या पीडीएफचं प्रिंटआउट. चहा यायच्या आधीच दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ उभे राहिले.

"हे बघा, सात तारीख. पेटीत बारा हजार आठशे रुपये आहेत. आणि तरी खजिनदार साहेब संस्थेला दीड हजार उसने देतात? कशाला? वर त्याच दिवशी ते परतही घेतात. मग मुळात दिले तरी होते का?"

काका उठले. म्हणाले, "माझ्या वहीत तसं नाहीये."

"वही तुमच्याच हातची ना हो? हे तर कॉम्प्युटरनं काढलंय."

आणि मी? मी गप्प बसलो होतो. खरं सांगायचं तर एक क्षण माझ्याही मनात आलं, की काकांनी खरंच काही... आकडे तर माझ्या डोळ्यांसमोर होते आणि शेवटची बेरीज मी स्वतः तपासली होती! दुसऱ्या दिवशी सकाळी पेटीची किल्ली, वही आणि राजीनामा सेक्रेटरींच्या घरी पोचले.

आता त्या सात तारखेला काय घडलं ते ऐका. काकांच्या वहीप्रमाणे सकाळी पेटीत ३,२०० रुपये होते. टँकरवाल्याला २,५०० दिले, उरले ७००. दुपारी गच्चीवरची टाकी गळायला लागली. प्लंबर १,८०० मागत होता आणि पेटीत तर सातशेच. काकांनी खिशातून १,५०० घातले, शिल्लक २,२००. प्लंबरला दिले, उरले ४००. संध्याकाळी चार घरांचा मेंटेनन्स आला, ९,६००. शिल्लक १०,०००. मग काकांनी आपले १,५०० परत घेतले. दिवसअखेर ८,५००.

माझ्या कागदावर तोच दिवस असा: ३,२०० मध्ये मेंटेनन्सचे ९,६०० मिळवले, १२,८००. काकांचे उसने १,५०० मिळवले, १४,३००. मग टँकर, ११,८००. प्लंबर, १०,०००. उसने परत, ८,५००.

सुरुवात तीच आणि शेवटही तोच. एकही आकडा चुकलेला नाही, एकही बेरीज चुकलेली नाही. पण पहिल्या कागदावर एक म्हातारा माणूस सोसायटीची टाकी दुरुस्त व्हावी म्हणून पदरचे पैसे घालतोय, आणि दुसऱ्या कागदावर तोच माणूस पेटी भरलेली असताना खोटं कर्ज दाखवून दीड हजार काढून घेतोय.

कारण? मी फक्त तारखेनं लावलं होतं. पायथनचं सॉर्टिंग 'स्टेबल' आहे, म्हणजे तारीख सारखी असेल तर ओळी मुळात ज्या क्रमानं आल्या त्याच क्रमानं राहतात. आणि मुळात त्या कशा आल्या होत्या? मी शीट जोडल्या तशा. आधी मेंटेनन्स, मग इतर जमा, मग खर्च. म्हणजे त्या दिवसाचा क्रम काळानं ठरवलाच नव्हता, माझ्या कॉपी-पेस्टनं ठरवला होता.

हे सगळं लिहिण्यामागचा माझा एकच मुद्दा आहे, तो आता सांगतो. बेरीज आणि चालती बेरीज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बेरजेला क्रमाशी काही देणंघेणं नाही, आकडे कसेही पिसा, उत्तर तेच. चालत्या बेरजेत मात्र शेवटची ओळ सोडली तर बाकी प्रत्येक ओळ क्रमावर उभी असते. आणि आपण शहाणे लोक तपासतो काय, तर नेमकी ती शेवटची ओळ! क्रम चुकलाय की नाही हे जी एकमेव ओळ कधीच सांगू शकत नाही, ती.

शंका असेल तर पावसाकडे बघा. हवामान खातं १ जूनपासून पावसाची चालती बेरीज ठेवतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तेवढाच पाऊस महिनाभर रिपरिप पडला असता तर महिनाअखेरचा आकडा तोच दिसला असता. पण त्या दिवशी जे ऑफिसात अडकले, जे कमरेइतक्या पाण्यातून चालत घरी आले, त्यांना जाऊन सांगा की टोटल सेमच आहे म्हणून!

किंवा आमचा कोपरीचा जुना पूल घ्या. दोन्ही बाजूंना हायवे रुंद, मध्ये पूल अरुंद. दर मिनिटाला आलेल्या गाड्या वजा गेलेल्या गाड्या, यांची चालती बेरीज म्हणजे रांग. दिवसअखेर ती शून्यच, कारण रात्री दोन वाजता तिथे कोणी नसायचं. म्हणून ट्रॅफिक जॅम नव्हता म्हणायचं का? आता पूल रुंद झालाय, पण सकाळी नऊ वाजता त्या रांगेत बसलेली माणसं शेवटच्या ओळीवर कधीच विश्वास ठेवणार नाहीत.

असो. आता भांडणाकडे वळू.

ऑफिसात ही गोष्ट सांगितली तर लगेच दोन तट पडले. पहिला तट लूपवाल्यांचा. "म्हणून सांगतो, स्वतः लूप लिहायचा. काय चाललंय ते दिसतं तरी." अरे बाबांनो, काय दिसतं? टोटल शून्य धरली, प्रत्येक ओळ मिळवली, यादीत टाकली. या लूपमध्ये काकांचा क्रम कुठे दिसला असता? लूपनंही हाच मूर्खपणा केला असता, फक्त चार ओळींत. वर त्यात आणखी चुकायच्या जागा. टोटल आधी लिहायची की मिळवल्यावर? नवा महिना लागला की शून्य करायची की नाही? वजाबाकीचं चिन्ह कोणी लावायचं?

दुसरा तट वन-लायनरवाल्यांचा. "लायब्ररी वापरलीस ना? मग झालं. लायब्ररी चुकत नाही." बरोबर, लायब्ररी चुकली नाही. मीच चुकलो. कारण लायब्ररी बेरीज करते, हिशेब करत नाही.

मी स्वतः लायब्ररीच्याच बाजूचा आहे आणि राहणार. कारण सांगतो. सभेनंतर दोन रात्री मी चूक शोधत होतो. त्या दोन रात्रींत एका गोष्टीवर मला मिनिटभरही संशय घ्यावा लागला नाही, ती म्हणजे खुद्द बेरीज. 'ॲक्युम्युलेट' पायथनमध्ये २०११ पासून आहे, जगभरातल्या लोकांनी ते वापरून घासून-पुसून घेतलंय. म्हणजे चूक त्याच्या अलीकडे, माझ्या यादीत. घरगुती लूप असता तर आधी अर्धी रात्र तिथेच गेली असती. ज्या क्रियेला जगात एक नाव आहे तिला त्या नावानंच हाक मारावी, म्हणजे उरलेला संशय योग्य ठिकाणी जातो.

आणि हे नाव काही कालचं नाही. केनेथ आयव्हर्सनच्या एपीएल भाषेत चालत्या बेरजेला बेरजेचं चिन्ह आणि शेजारी एक तिरकी रेघ, एवढंच लागतं. सी प्लस प्लसमध्ये 'पार्शल सम' १९९८ च्या पहिल्या स्टँडर्डपासून आहे. इतकी वर्षं जी गोष्ट तयार मिळते ती दर प्रोजेक्टमध्ये नव्यानं लिहिण्याला मी कौशल्य म्हणणार नाही, सवय म्हणेन.

पण (आणि हा 'पण' मोठा आहे) लायब्ररीला हाक मारण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरं आपल्याकडे हवीत. ती लायब्ररी देत नाही.

पहिला प्रश्न: क्रम कुठून आला? तारीख म्हणजे क्रम नव्हे, एका तारखेला दहा गोष्टी घडतात. डेटाबेसवाल्यांनी हसू नये, तुमची गत याहून वाईट आहे. एसक्यूएलमध्ये 'सम ओव्हर ऑर्डर बाय तारीख' लिहिलंत आणि पुढे काही सांगितलं नाहीत, तर एका तारखेच्या सगळ्या ओळी एकच गट धरल्या जातात आणि सगळ्यांपुढे दिवसअखेरची एकच शिल्लक छापून येते. काकांच्या सातही तारखेपुढे ८,५००, सरसकट! चौकट ओळींनुसार मोज असं सांगावं लागतं, आणि सोबत तारखेखेरीज एक अनुक्रमांकही द्यावा लागतो.

दुसरा प्रश्न: सुरुवात कितीपासून? हिशेब क्वचितच शून्यापासून सुरू होतो, मागच्या वर्षाची शिल्लक असतेच. पायथनच्या 'ॲक्युम्युलेट'ला आरंभीची शिल्लक देण्याची सोय ३.८ मध्ये, म्हणजे २०१९ साली आली. ती दिली की उत्तरात एक ओळ जास्त येते, अगदी पहिली, ती आरंभीची रक्कम. इंटरनेटवर यावर लोक कुरकुरतात, दहा ओळी दिल्या तर अकरा का येतात म्हणून. मंडळी, ती अकरावी ओळ म्हणजेच काकांची 'मागील पानावरून पुढे'! महिनाभर एकही व्यवहार झाला नाही तरी पेटीत काहीतरी असतंच, आणि ते सांगणारी ओळ तीच. ज्याला मी हसत होतो ते पायथनला २०१९ मध्ये सुचलं :-)

तिसरा प्रश्न: बेरीज कशात साठवताय? दहा पैसे दहा वेळा मिळवा. दशांशाच्या फ्लोटमध्ये 'ॲक्युम्युलेट'ची शेवटची ओळ एक रुपया येत नाही, ०.९९९९९९९९९९९९९९९९ येते. गंमत म्हणजे पायथन ३.१२ पासून साधं 'सम' ही चूक भरून काढतं आणि बरोबर १ देतं. म्हणजे एकाच लायब्ररीतल्या बेरजेत आणि चालत्या बेरजेत फरक! म्हणून पैसे नेहमी पूर्णांकात, पैशांतच मोजा.

सी प्लस प्लसवाल्यांनी तिथेही जपून राहावं. 'पार्शल सम' आतली बेरीज येणाऱ्या आकड्याच्याच प्रकारात करतं, तुम्ही उत्तर कितीही मोठ्या डब्यात घ्या. ३२ बिटांचा पूर्णांक पैशांत मोजला तर २ कोटी १४ लाख ७४ हजार ८३६ रुपये ४७ पैशांवर संपतो. ठाण्यात एखादी इमारत रिडेव्हलपमेंटला गेली की कॉर्पस फंड तिथवर आरामात पोचतो.

"पैशाच्या फरकानं काय होतं?" म्हणणाऱ्यांसाठी व्हँकुव्हरची गोष्ट. तिथल्या शेअर बाजारानं जानेवारी १९८२ मध्ये १००० पासून एक निर्देशांक सुरू केला. प्रत्येक व्यवहारानंतर तो पुन्हा काढायचे आणि तीन दशांश स्थळांपुढचं कापून टाकायचे. कापलेलं नगण्य, पण ते दिवसाला हजारो वेळा, आणि प्रत्येक वेळी खालच्याच दिशेनं. नोव्हेंबर १९८३ मध्ये निर्देशांक ५२४ च्या आसपास दाखवत होता. नीट मोजल्यावर तो निघाला १०९८. बाजार वर गेला होता आणि कागदावर तो अर्धा झाला होता. चालत्या बेरजेत चूकसुद्धा पुढच्या पानावर जाते, विसरू नका.

आता कोणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीवर एवढं भाषण? त्यांना माझं उत्तर: एवढीशी आहे म्हणूनच. अवघड गोष्टी आपण दहा वेळा तपासतो. इंटरव्ह्यूला लिंक्ड लिस्ट उलटी करायला लावतो, झाडं फिरवायला लावतो. 'ही यादी या क्रमात का आहे?' हा प्रश्न मला आजपर्यंत एकाही इंटरव्ह्यूत कोणी विचारला नाही, आणि मीही कोणाला विचारला नाही. दुसरं असं, की चालत्या बेरजेचा रकाना लोक वाचतात. सामान्य माणूस तुमचा अल्गोरिदम बघत नाही, तो 'त्या दिवशी पेटीत किती होते' हे बघतो आणि त्यावरून माणसाची पारख करतो. तो रकाना म्हणजे साक्ष आहे. खोटी साक्ष देऊन 'पण टोटल बरोबर होती ना' म्हणता येत नाही.

मी काय केलं? वही मागून आणली आणि तीत बघून प्रत्येक नोंदीला वहीतला ओळ क्रमांक दिला. तारखेनं लावणं काढून टाकलं, क्रमांकानं लावलं. आरंभीची शिल्लक वेगळी दिली. रक्कम पैशांत. आणि तपासणी शेवटच्या ओळीची नाही, प्रत्येक ओळीची. शिवाय पेटीतली शिल्लक कुठेही शून्याखाली गेली तर प्रोग्राम थांबतो, कारण पत्र्याच्या पेटीत उणे नोटा नसतात. सगळ्या ओळी जुळल्या. वर्षभरात काकांची एकही चूक नाही.

मग नवा कागद घेऊन काकांकडे गेलो. काकूंनी दार उघडलं, पाणीही न विचारता आत गेल्या. काकांनी चष्मा लावून सात तारीख वाचली, बोट ठेवून, ओळीओळीनं.

"अरे, कीर्द तारखेनं चालत नाही, ओळीनं चालते," ते म्हणाले. "मला विचारायचंस तरी."

विचारायचं होतं. तेच तर.

सेक्रेटरींना सांगून खास सभा बोलावली. मी उभं राहून दोन्ही कागद वाचून दाखवले आणि चूक माझी आहे, काकांची नाही, असं सांगितलं. दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ "मी फक्त विचारलं होतं" म्हणाले. काकांनी ऐकून घेतलं, पण किल्ली परत घेतली नाही. "आता तूच सांभाळ," म्हणाले. सध्या पेटी माझ्याकडे आहे, आणि वहीसुद्धा. हो, वही मी हातानं लिहितो. आधी वही, मग प्रोग्राम.

तेव्हा सोमवारी ऑफिसला गेलात की एक करा. तुमच्या सिस्टिममध्ये जिथे जिथे चालती बेरीज छापली जाते ती जागा शोधा. वॉलेटची शिल्लक असेल, स्टॉक असेल, पगाराची स्लिप असेल. क्रम कोणी ठरवला, सुरुवात कितीपासून, बेरीज कशात, हे तीन प्रश्न विचारा. "टोटल जुळते" असं उत्तर आलं तर तो कागद अजून कोणाच्या हातात देऊ नका.

चला, पाणीवाला आलाय, त्याचे पैसे द्यायचेत. आधी वहीत लिहितो.